‘लाखात एखाद्याला होतं’ म्हणे!

पेसमेकरबद्दल नगरजवळच्या आमच्या भिंगारमध्ये एक मत इतकं घट्ट रुजलं आहे, की ते नुसतं मत आहे हेच लोक विसरून गेलेत. मशीन बसवणं म्हणजे तास-दीड तासाचं काम. छाती उघडत नाहीत, पूर्ण भूल देत नाहीत, दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो आणि थोड्याच दिवसांत पिशवी घेऊन भाजी आणायला बाहेर पडतो. पुढे काही दुखलं-खुपलं तर ते वयाचं, गॅसचं किंवा मनाचं. एवढ्यावरही कुणी शंका काढलीच, तर हुकमाचं पान तयार असतं : ‘‘अहो, तसलं काही लाखात एखाद्याला होतं!’’

छावणीच्या आधाराने वाढलेलं हे गाव. निवृत्त हवालदार-सुभेदारांची घरं इथे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची वयं आता सत्तरीपुढे सरकली आहेत. कुणी माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेच्या कार्डावर, कुणी महात्मा फुले योजनेतून, कुणी पदरचे पैसे घालून मशीन बसवून आलेलं असतं. सदर बाजारात, विजय लाइन चौकात, नागरदेवळ्याच्या वाटेवर ही मंडळी भेटतात, आणि त्यांच्याबरोबर ते वाक्यही भेटतं. सांगणारा धीर द्यायलाच सांगतो, हे मान्य. पण धीर देता देता तो समोरच्याचं तोंडही बंद करतो. माझी चीड त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

आधी हिशेब पाहू. हा ‘लाखात एक’ आला कुठून? पेसमेकरची वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरवतात आणि तिचं टोक आतल्या भिंतीत रुतवतात, बहुतेक वेळा बारीक स्क्रूसारखं फिरवून. उजव्या कप्प्याची ही भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. क्वचित ते टोक भिंत पार करून बाहेर येतं. बाहेर हृदयाचं आवरण असतं. त्यात रक्त साठलं तर हृदयाला फुलायलाच जागा उरत नाही. ही या शस्त्रक्रियेची सगळ्यांत भीतिदायक आणि खरोखर दुर्मीळ गुंतागुंत. वैद्यकीय साहित्यात तिचं प्रमाण साधारण ०.१ ते ०.८ टक्के दिलेलं असतं. म्हणजे हजारात एक ते आठ. लाखाच्याच भाषेत बोलायची हौस असेल, तर लाखात शंभर ते आठशे. आठशेचा एक करणारा हिशेबनीस आमच्या पतसंस्थेत एक दिवस टिकला नसता. दवाखान्याच्या बाकावर मात्र तो अनुभवी समजला जातो.

बरं, ही झाली एक. तिच्या सोबतीला फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा कोंडते, यंत्र ठेवतात त्या कातडीखालच्या खिशात रक्त साठतं, वायर जागेवरून सरकते, जंतुसंसर्ग होतो, हाताच्या शिरेत गुठळी धरते, झडपेतून गेलेल्या वायरीमुळे झडप नीट मिटत नाही. एकेक सुटी धरली तर प्रत्येक गोष्ट विरळाच. बेरीज कुणी करायची? डेन्मार्कने केली. तिथे मे २०१० ते एप्रिल २०११ या वर्षात देशभरात अशी यंत्रं बसवलेल्या, बदललेल्या ५,९१८ रुग्णांचे कागद तपासले गेले. सहा महिन्यांत किमान एक गुंतागुंत झालेले निघाले ९.५ टक्के. नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा पेसमेकर बसवलेल्या १,५१७ जणांचा माग ठेवला, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांतच १२.४ टक्क्यांना काही ना काही झालेलं आढळलं आणि त्यानंतरच्या वर्षांत आणखी ९.२ टक्क्यांना. यातल्या पुष्कळशा गुंतागुंती किरकोळ होत्या, वेळीच निस्तरल्या गेल्या, हेही सांगायला हवं. पण निस्तरल्या गेल्या त्या कुणाला तरी कळल्या म्हणून.

इथे एक मुद्दा माझ्या विरोधकांना फारच अडचणीचा आहे. ‘दुर्मीळ’ म्हणायचा हक्क मोजणाऱ्याला असतो. डेन्मार्कने मोजलं, म्हणून त्यांना ९.५ म्हणता येतं. आपण काय मोजलं? देशात बसवलेल्या प्रत्येक पेसमेकरची सक्तीची नोंदवही आपल्याकडे नाही. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद व्हावी म्हणून २०१५ साली केंद्राने मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू केला, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. भिंगारमध्ये त्याचं नाव ऐकलेला माणूस मला भेटायचा आहे. नोंद नसली की काय होतं, ते कृत्रिम खुब्यांच्या प्रकरणात देशाने पाहिलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने २०१० मध्ये एक सदोष खुबा जगभरातून परत बोलावला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. पुढे सरकारी समितीने शोध घेतला, तर त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागेना. हाडात बसवलेला एवढा थोरला धातू ज्या व्यवस्थेला सापडत नाही, ती व्यवस्था हृदयातल्या वायरीबद्दल ‘फारसं कुणाला होत नाही’ असं कशाच्या जोरावर सांगते? तक्रार आली नाही म्हणजे त्रास झाला नाही, हे गणित फार तर महावितरणला शोभेल.

आणि याच महाराष्ट्रातलं एक उलटं उदाहरण आहे, ज्याची मला गंमतही वाटते आणि संतापही येतो. मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये काही गरीब रुग्णांना वापरलेले पेसमेकर बसवण्यात आले. अमेरिकेत मरण पावलेल्यांच्या शरीरांतून काढलेले, तिथल्या अंत्यविधी संस्थांनी दान केलेले, तपासून आणि निर्जंतुक करून घेतलेले. १२१ यंत्रांपैकी ५३ वापरण्याजोगी निघाली. ज्यांना ती बसवली त्यांचा पाठपुरावा झाला. जंतुसंसर्ग किंवा यंत्राचा बिघाड आढळला नाही, आणि ते २०१२ मध्ये रीतसर छापून आलं. पुढे २०२० साली पुनर्वापराच्या यंत्रांबद्दल १,०५१ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जंतुसंसर्ग २ टक्के, नव्या यंत्रांच्या गटात १.२ टक्के, फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरवण्याइतका मोठा नव्हता. म्हणजे मेलेल्या माणसाचं यंत्र छातीत घेऊन फिरणाऱ्या गरिबाचं पुढे काय झालं हे जगाला ठाऊक आहे. नवंकोरं मशीन घेतलेल्या आमच्या सुभेदारसाहेबांचं काय झालं, ते फक्त त्यांच्या घरच्यांना ठाऊक.

आता दुसरं हुकमाचं वाक्य. ‘‘चेकिंग केलं, मशीन ओके आहे. तुम्हाला काही झालेलं नाही.’’

हे वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं, कारण त्याला यंत्राच्या छापील पट्टीचा आधार असतो. पण त्या पट्टीवर काय असतं? बॅटरी किती उरली, वायरीतून वीज नीट जाते का, ठोका पकडला जातो का, किती टक्के ठोके यंत्राने दिले. सगळी माहिती उपयोगाची आणि सगळी यंत्राची. रुग्णाने विचारलेलं असतं हृदयाबद्दल. भिंत ओलांडून गेलेल्या वायरीचे आकडेही काही वेळा अगदी व्यवस्थित येतात. कुठलीही तक्रार नसलेल्या १०० यंत्रधारकांचे सीटी स्कॅन एका अभ्यासात बारकाईने पाहिले, तेव्हा १५ जणांत वायरीचं टोक भिंतीपलीकडे गेलेलं दिसलं. ती माणसं हिंडत-फिरत होती, तेव्हा यावरून घाबरून जायचं कारण नाही. पण ‘पट्टी ओके म्हणजे सगळं ओके’ म्हणणाऱ्यांनी तरी हे पंधरा जण लक्षात ठेवावेत.

त्याहून विलक्षण प्रकार म्हणजे यंत्र उत्तम चालतं म्हणूनच हृदय थकणं. निरोगी हृदयात विजेचा संदेश ठरलेल्या मार्गाने जातो आणि दोन्ही बाजू जवळपास एकदम आकसतात. पेसमेकर उजव्या कप्प्याच्या टोकातून ठोका देतो, तेव्हा उजवी बाजू आधी आणि डावी मागाहून आकसते. रोज लाखभर ठोके, वर्षानुवर्षं असेच. काहींचं हृदय हे सोसतं, काहींचं पसरतं आणि दुबळं होतं. ज्यांचं हृदय बहुतेक वेळ यंत्रावरच चालतं, त्यांच्यातल्या साधारण दहा ते वीस टक्क्यांत काही वर्षांनी असं घडल्याचं वेगवेगळे अभ्यास सांगतात. अमेरिकेतल्या डेव्हिड नावाच्या चाचणीत डिफिब्रिलेटर, म्हणजे पेसमेकरसारखा ठोकाही देऊ शकणारं यंत्र, बसवलेले ५०६ रुग्ण होते. ज्या गटाला गरज नसताना उजव्या बाजूने जास्त ठोके दिले गेले, त्या गटात मृत्यू आणि हृदय दुबळं होऊन दाखल होण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे प्रसिद्ध झालं २००२ साली. अशा रुग्णाचं मशीन तपासलं तर काय दिसणार? शंभर टक्के ठोके दिले, बॅटरी झकास! दम लागतोय, पाय सुजलेत, दोन जिने चढवत नाहीत, हे पट्टीवर येत नाही. ते टू-डी इकोवर येतं. इको कोण करणार, तर ज्याला रुग्णाचं म्हणणं खरं वाटलं तो.

आणि ही गोष्ट ‘होतं कधी कधी’ म्हणून सोडून न देणाऱ्यांमुळेच पुढचं शास्त्र उभं राहिलं. हृदयाच्या स्वतःच्या विद्युत्मार्गातूनच, हिसच्या जुडग्यातून, कायमचा ठोका देण्याचा पहिला प्रयोग २००० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात छापून आला. त्याचे पहिले लेखक होते अमेरिकेतले डॉ. प्रमोद देशमुख. आज नव्या पद्धतीने त्याच मार्गाच्या डाव्या फांदीजवळ वायर रुतवण्याचा बोलबाला आहे, त्या वाटेवरचं हे पहिलं पाऊल. पट्टी ओके आहे म्हणून त्या मंडळींनी फाइल मिटली असती, तर?

तिसरं वाक्य बायकांसाठी राखीव असतं. ‘‘मनाचं आहे हो. काळजी फार करतात.’’

मशीन बसवून आलेल्या आजी छातीत कळ येते म्हणाल्या, की घरातले एकमेकांकडे बघतात. उचकी लागली तर कुणीतरी आठवण काढतंय, पाणी प्या. दोन दिवस लागली तर लेकीची आठवण, तिला फोन लावा! वायरीचं टोक सरकून किंवा भिंतीतून पुढे जाऊन पोट-छातीमधल्या पडद्याला ठोके देऊ लागलं, तरी उचकी लागते. पोटाचा स्नायू हृदयाच्या तालावर उडू लागतो. हे कुणी सांगितलेलं नसतं. मग आठवण काढणाऱ्यांची यादी संपेपर्यंत घरातल्या घरात दिवस जातात.

आणि समजा, खरोखर मनाचं असलं तरी? ताकोत्सुबो नावाचा विकार जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केला. मोठा मानसिक किंवा शारीरिक ताण बसला की हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक काही काळ फुग्यासारखं फुगतं आणि हालेनासं होतं. रुग्ण बहुतांशी उतारवयातल्या स्त्रिया. पेसमेकर बसवल्यानंतर हा विकार झाल्याची थोडीथोडकी प्रकरणं जगभरात नोंदली गेली आहेत. हा मात्र दुर्मिळातला दुर्मीळ प्रकार, आणि बहुतेकदा काही आठवड्यांत हृदय पूर्ववत होतं. पण तोवर रुग्ण सांभाळावा लागतो. तेव्हा ‘मनाचं आहे’ हे घरी पाठवायचं कारण कसं होतं? ते उलट इको करायचं कारण आहे.

‘वय झालं’ हे त्याचंच भावंड. आमच्या गावाला म्हातारपणाचं अप्रूप नसावं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा औरंगजेब १७०७ मध्ये इथल्याच छावणीत मेला, आणि तोवर तो मोहिमा चालवत होता. पण थट्टा बाजूला ठेवू. पेसमेकर बसवून घेणाऱ्यांत म्हातारेच जास्त असणार. ज्या उपचाराचा ग्राहकच म्हातारा, त्या उपचारानंतरची प्रत्येक तक्रार ‘वयाची’ ठरवली, तर तक्रार ऐकायची कुणाची? विशीतल्या पोराची?

या वाक्याची सगळ्यांत महाग किंमत तापाच्या वेळी मोजावी लागते. मशीन बसवून काही महिने झालेत, संध्याकाळी कणकण येते, भूक मेली आहे, वजन उतरतं आहे. जवळच्या दवाखान्यात जातात, व्हायरल किंवा टायफॉइड म्हणून सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होतं. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा ताप. वायरीवर जंतूंनी घर केलं असेल तर असंच होतं, आणि आधीच अँटिबायोटिक गेल्यामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. निदान आणखी लांबतं. हा संसर्ग गोळ्यांनी हटत नाही. बहुधा यंत्र आणि वायरी, सगळंच काढावं लागतं. जुनी वायर शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते, ती सोडवणं हे मोठ्या केंद्रातलं, जोखमीचं काम. तसंच खिशावरच्या सुजेचं. गळू समजून कुणी सुई घालून पाणी काढायला जातं, आणि बाहेरचे जंतू आत जायला वाट मिळते. डिस्चार्ज कार्डावर ‘खिशाला सुई लावू नये, ताप आल्यास अँटिबायोटिकआधी रक्त कल्चरला पाठवावं’ एवढं लिहायला किती शाई लागते?

चौथा पवित्रा आरोपीच बदलण्याचा. ‘‘पेशंटनेच हात हलवला. पेशंटनेच मशीन चाळवलं.’’ यात तथ्याचा कण आहे. १९६८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एक प्रकार नोंदवला, त्याला ट्विडलर सिंड्रोम म्हणतात : रुग्ण नकळत चाळा म्हणून खिशातलं यंत्र फिरवत राहतो आणि वायर गुंडाळली जाऊन निसटते. पण यंत्र फिरतं ते खिसा सैल असतो म्हणून, कातडीखालचं मांस सैल असतं म्हणून, टाका नीट बसलेला नसतो म्हणूनही. शिवाय असा चाळा करू नका हे कुणी सांगितलं होतं का? सांगितलेलं असतं ते दुसरंच. हात वर करू नका, एवढं एकच वाक्य. किती दिवस, ते नाही. मग माणूस काही आठवड्यांऐवजी वर्षभर हात पोटाशी धरून बसतो आणि खांदा आखडतो. मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका, मायक्रोवेव्हजवळ जाऊ नका, हे सगळ्यांना पाठ. ज्याच्या घरात मायक्रोवेव्ह नाही त्यालाही पाठ. तापाचं आणि उचकीचं मात्र कुणाला ठाऊक नाही.

आता विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. हे सगळं सांगत बसलो तर लोक घाबरतील, मशीन नको म्हणतील आणि भोवळ येऊन मरतील. या म्हणण्याला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार काढता येतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात न्यायालयाने संमतीसाठी काय सांगावं ते ठरवून दिलं : उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके, नकार दिल्यास होणारे परिणाम. आणि दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही, असंही म्हटलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात वेगळी दिशा धरली. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या शहाण्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगितलंच पाहिजे, म्हटलं. मला दुसरा निकाल अधिक पटतो. पण क्षणभर पहिलाच धरून चालू. तो बोलतो टेबलावर जाण्याआधीच्या संमतीबद्दल. घरी जाताना काय सांगायचं, याबद्दल त्यात तोंडाला कुलूप लावायची परवानगी कुठे आहे? ‘वायर हृदयातून आरपार जाऊ शकते’ हे भीतिदायक वाक्य आहे, कबूल. ‘श्वास घेताना छातीत कळ वाढत असेल तर त्याच दिवशी या’ या वाक्यात घाबरण्यासारखं काय आहे?

भिंगार-नगरच्या माणसाला तर हे समजावायलाच नको. आपल्या उशाशी के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांचा सराव होतो, तेव्हा नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतल्या आसपासच्या गावांना आधी तारखा कळवतात, त्या हद्दीत जाऊ नका म्हणून बजावतात. गोळा वाट चुकून कुणाच्या अंगावर पडणं दुर्मीळच आहे. म्हणून गावाला न सांगता सराव उरकावा, लोक उगाच घाबरतील, असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं लष्कर काय करील? आणि ज्यांनी उभी हयात असल्या शिस्तीत काढली, ते निवृत्त सुभेदार दवाखान्यात मात्र ‘लाखात एक’ ऐकून मान डोलावतात!

या सगळ्यावर एक टोळी उलट बाजूने टाळ्या पिटत येते, तिलाही इथेच थांबवतो. ‘‘म्हणूनच म्हणतो, मशीन बसवूच नका. काढा घ्या, प्राणायाम करा.’’ हृदयातला विजेचा मार्ग पूर्ण तुटलेल्या माणसाला काढ्याचा सल्ला देणं म्हणजे त्याच्या तेराव्याची तारीख काढणं. पेसमेकर नव्हते त्या काळी, भोवळीचे झटके येऊ लागलेल्या अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे वर्षभरात दगावत. पहिला पूर्ण आत बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना बसवला गेला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग, यंत्र बनवणारे रुने एल्मक्विस्ट. लार्सन त्रेचाळीस वर्षांचे, दिवसाला वीस-तीस झटके यायचे, आणि त्यांची पत्नी एल्स-मारी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागली होती म्हणून हे घडलं. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. दुसरं बसवलं. तेही गेलं. पुढच्या आयुष्यात लार्सन यांच्या शरीरात विसाहून अधिक यंत्रं आली आणि गेली. ते वारले २००१ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने. तोवर सेनिंगही गेले होते आणि एल्मक्विस्टही.

काढेवाल्यांना लार्सन यांची त्रेचाळीस जादा वर्षं पुरावीत. ‘काही होत नाही’वाल्यांसाठी मात्र त्यांची वीसेक यंत्रं आहेत. पहिल्याच माणसाला पहिल्याच दिवशी गुंतागुंत झाली होती, आणि कुणी त्यांना ‘मनाचं आहे’ म्हणालं नाही. हे यंत्र आज इतकं भरवशाचं झालं आहे, ते प्रत्येक बिघाड कुणीतरी गांभीर्याने ऐकून घेतला म्हणून. ऐकणं बंद करून भरवसा तेवढा ठेवायचा, ही सोय आपणच काढली.

राहिली गैरसोय. ती खरी आहे. प्रत्येक कंपनीचं मशीन तपासायला त्याच कंपनीचा प्रोग्रामर लागतो, कंपनीचा माणूस तो घेऊन येईल त्या दिवसाची वाट पाहावी लागते. अवघड केस असेल तर सव्वाशे किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागतं. पण छातीचा एक्स-रे नगरमध्ये निघतो. ईसीजी निघतो. टू-डी इको होतो. वायर सरकली का, आवरणात पाणी आहे का, हृदय दुबळं झालंय का, या तीन प्रश्नांची पहिली उत्तरं मिळायला पुणं लागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि तिच्यात मी काही कमी करायला तयार नाही. मशीन बसवून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा : न उतरणारा ताप, खिशावर लाली, सूज, पाणी, श्वासाबरोबर वाढणारी छातीतली कळ, न थांबणारी उचकी किंवा पोटात उडणारे ठोके, पुन्हा भोवळ, नव्याने लागणारा दम, पायाला किंवा त्या बाजूच्या हाताला सूज. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या. ज्यांचं हृदय बहुतेक वेळ मशीनवर चालतं, त्यांचा इको ठरावीक काळाने करा, तक्रार नसली तरी. गुंतागुंत झाली तर ती वहीत लिहा आणि वर कळवा. आणि ते कार्ड वाचून कुणी ओपीडीच्या दारात आला, तर त्याला आकडे ऐकवू नका. एक्स-रे काढा, इको करा, मग बोला.